रणधीरची तीन घरं

१

येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता सोनाली माझ्या दारात आली, तेव्हा तिच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. शाळेतली बाई, एरवी साडीची निरीसुद्धा हलू न देणारी. मी काही विचारायच्या आतच ती उंबऱ्यावर बसली.

"अप्पा, रणधीर सापडंना झालाय. कालपास्नं."

रणधीर तिचा धाकटा भाऊ. पुण्या-मुंबईत त्याचं गाणं ऐकायला मैदानं भरतात. गळ्यात गिटार अडकवून तो जे ओरडतो त्याला रॉक म्हणतात. तो पंधरा वर्षांचा असताना मी त्याला कालवा, म्हणजे नुसता गोंगाट म्हणायचो, आणि तोंडावर म्हणायचो.

मी माणिकप्पा. धाराशिवला बत्तीस वर्षं पाणी सोडलं. रस्त्यातल्या खड्ड्यात उतरायचं, व्हॉल्व फिरवायचा आणि कोणत्या गल्लीला कधी पाणी जाणार ते बघायचं, एवढंच माझं काम. पण नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात त्या माणसाला काय मान असतो ते इथल्या बायकांना विचारा. आमदाराला चहा मिळणार नाही, मला मिळायचा.

सोनालीनं सांगितलं ते असं. रणधीर काल पहाटे चारला एकटाच पुण्याहून गाडी घेऊन निघाला. नऊपर्यंत पोचतो म्हणाला. पोचलाच नाही. आज सकाळी त्याची गाडी आनंदबाग कॉलनीत बिभीषणरावांच्या फाटकाशी उभी दिसली. फोन आत, आणि इन्शुलिनची पिशवीही आत.

"त्याला लहानपणापास्नं साखर हाय, तुम्हाला ठावं हाय. दिवसातनं चारदा सुई. कालची सकाळची टोचून निघाला. डॉक्टर म्हणतेत, आज सांजच्या आत सुई न्हाय मिळाली तर..."

"पोलीस?"

"फौजदार म्हणतेत, मोठी माणसं अशीच जातेत कुठंतरी, एकांत लागतो त्यांस्नी. उद्यापत्तोर वाट बघा."

"मग माझ्याकडं का आलीस?"

"आनंदबागेत मला कुणी फाटक उघडणार न्हाय. आमी तिथल्या स्वयंपाकीणबाईची लेकरं. तुम्ही बत्तीस वर्षं त्यांच्या अंगणात गेलाव. तुम्हाला न्हाय अडवणार कोणी."

मी सदरा अडकवला. अंधार पडायला चार तास होते.

२

आनंदबाग म्हणजे डॉक्टर, वकील आणि बांधकामाची कंत्राटं घेणाऱ्या गुत्तेदारांची कॉलनी. सोनालीची आई सिताबाई तिथं बंगल्यांत स्वयंपाक करायची आणि ज्यांच्याकडं स्वयंपाक, त्यांच्याच मागच्या खोलीत दोन लेकरांसह राहायची. नऊ वर्षांत तीन बंगले झाले. आता कुठून कुठून कॉलेजची पोरं येऊन त्या तीन घरांपुढं फोटो काढतात. ज्या खोलीत पंखासुद्धा नव्हता तिच्या भिंतीला हात लावून डोळे मिटतात. मला हसू यायचं. त्या दिवशी नाही आलं.

पहिलं घर बिभीषणराव गुत्तेदारांचं. त्यांनी भिंतीवर पितळी पाटी लावलीय, 'सुप्रसिद्ध गायक रणधीर यांचे बालपणीचे निवासस्थान'. मागं त्यांची नवी इमारत उभी राहतेय, आणि तिच्या जाहिरातीतही रणधीरचा फोटो.

"आम्ही सगळे शेतात होतो," बिभीषणराव म्हणाले. "येळवसेला घरी कोण राहतंय, अप्पा? गाव सामसूम. सांजच्याला आलो तर गाडी दारात. मला वाटलं, कुणी भक्त आलाय फोटो काढाया. सकाळी कळलं, रणधीरची हाय."

ते खरंच असणार. आमच्याकडं वेळ अमावस्येला अख्खा जिल्हा शेतात जेवतो. कडब्याची कोप, तिच्यात पूजेला पाच दगडांचे पांडव, जेवायला भज्जी, प्यायला आंबील. ज्याला शेत नाही त्याला दुसरा ओढून नेतो. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्या दिवशी धाराशिवात एक माणूस गिळून टाकायला कुणालाही सोपं होतं.

"पोलिसांना कधी सांगितलंत?"

बिभीषणराव म्हणाले, "आधी टीव्हीवाल्याला फोन केला. म्हणजे... बातमी म्हणून."

सोनालीच्या तोंडाकडं मला बघवलं नाही. हा माणूस गाडी बघून पोलिसांच्या आधी कॅमेरा बोलावतो. मला तिथंच संशय आला, आणि मी त्याच्या अर्धवट इमारतीचं तळघर, लिफ्टचा खड्डा, सिमेंटची कोठारं सगळं धुंडाळलं. सोनाली प्रत्येक अंधाऱ्या खोलीत "रणू, रणू" म्हणून हाका मारत होती. उत्तर आलं ते पारव्यांचं.

बाहेर आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. तास फुकट गेला होता, आणि चूक माझी होती. माणूस दडवणारा त्याची गाडी स्वतःच्या फाटकाशी ठेवत नाही, एवढं मला आधीच कळायला हवं होतं. राग डोक्यात गेला की माझी अक्कल जाते, हे बायको जन्मभर सांगत आलीय.

३

दुसरं घर मागच्या गल्लीत, आयुबभाईंचं. त्यांचा फळांचा मोठा व्यापार. त्यांच्या भिंतीवर पोरांनी रंगानं, खडूनं, खिळ्यानं रणधीरच्या गाण्यांच्या ओळी लिहून ठेवल्यात. महिन्याला एकदा आयुबभाई भिंत रंगवतात आणि आठवड्यात ती पुन्हा भरते.

"मी त्याला फोनवर बोललो होतो, खोटं का सांगू," आयुबभाई म्हणाले. "म्हटलं, मियाँ, तुझी ही फौज आवर, न्हायतर भिंत पाडतो. तो हसला. म्हणाला, पाडा, ती खोली पावसात गळतीच. राग होता माझा. पण अप्पा, माझ्याच अंगणात तो पोर सायकल शिकलाय."

"काल तुम्ही कुठं होतात?"

"धोंडीबाच्या रानात, तेरच्या वाटंला. दरसाल त्याच्याकडंच जेवतो आमी. अम्मी तेवढी घरी होती."

त्यांची आई जमिलाबी ओसरीवर सुपारी कातरत होती. ऐंशीच्या पुढची बाई, पण कान शाबूत.

"काही आवाज आला का काल, जमिलाबी?"

"आवाज कशाचा? दार लावून बसले होते. पाण्यासाठी राहिले ना मी. दस बजे पाणी आलं, लई दाबानं आलं. मेरी आँख लग गई, हौद भरून पाणी रस्त्यानं गेलं. आयुब लई बोलला मला."

"बोलणारच," आयुबभाई म्हणाले. "आठ दिवसांचं पाणी गटारात."

त्यांनी न सांगता फळांच्या खोल्या उघडून दाखवल्या. पेट्या हलवल्या. जमिलाबी सोनालीजवळ येऊन उभी राहिली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "मिल जाएगा बेटा." सोनालीला तिथं रडू फुटलं, आणि ते मला थांबवता येईना. सव्वाचार झाले होते.

"अप्पा," गल्लीत आल्यावर ती म्हणाली, "तिसऱ्या घरी मी आत येणार न्हाय."

मला कारण माहीत होतं. आनंदबागेत सगळ्यांनाच माहीत होतं.

४

तिसरं घर त्याच गल्लीच्या तोंडाशी, कमलबाईंचं. त्यांचे यजमान साखरेच्या धंद्यात मोठे झाले, आता नाहीत. बाई आणि मुलगा कृष्णराज राहतात. कृष्णराज रणधीरच्याच वयाचा, एकाच वर्गातला. एकवीस वर्षांपूर्वी कमलबाईंच्या सोन्याच्या पाटल्या गेल्या आणि बाईंनी भर दुपारी, सगळ्या कॉलनीदेखत सिताबाईला लेकरांसकट बाहेर काढलं. स्टोव्ह, गादी, गिटार, सगळं रस्त्यावर. मी त्या वेळी समोरच्या खड्ड्यात व्हॉल्व फिरवत होतो. वर येऊन एक शब्द बोललो नाही. बोलायला हवं होतं. सिताबाई चोर हे नाव घेऊनच परवाच्या श्रावणात गेली.

फाटक कमलबाईंनीच उघडलं. पोर्चमध्ये त्यांची पांढरी मोटार, तिच्या शेजारी खुर्ची टाकून कृष्णराज बसलेला. अंगणात निळी पिंपं, घागरी, बादल्या ओळीनं भरून ठेवलेल्या.

"बरं झालं आलाव, माणिकप्पा," बाई मला बघताच सुरू झाल्या. "तुमच्या त्या नव्या माणसाला सांगा जरा. काल आमची पाळी, अन् नळाला थेंब न्हाय. कृष्णा मुद्दाम घरी थांबला होता पाण्यासाठी. शेवटी आज टँकर बोलवावा लागला."

"टँकरचं पाणी पिंपात का घेतलं? हौद केवढा तुमचा."

"हौदाचं झाकण गाडीखाली. अन् गाडी बंद पडलीय."

"क्लच गेलाय," कृष्णराज म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. "मेकॅनिक उद्या येणार हाय."

मी रणधीरबद्दल विचारलं. बाईंचा चेहरा कडक झाला. "आमच्याकडं कशाला येईल तो? आला असता तर पायरी चढू दिली नसती मी. माझ्या पाटल्यांवर गाणं करून राज्यभर मला शिव्या खायला लावल्या त्यानं. पण मरावा असं न्हाय म्हणणार मी. सापडू द्या लेकराला."

"कृष्णराज, तुम्ही काल कधीपर्यंत घरी होता?"

"बारापर्यंत. पाणी येईना, मग मोटारसायकलवर रानात गेलो. आईला विचारा. दोन वाजता पंगतीला होतो."

"होता," बाई म्हणाल्या. "पण धड जेवला न्हाय."

विचारण्यासारखं काही उरलं नाही. मी निघालो. फाटकाबाहेर सोनाली भिंतीला टेकून उभी होती, घड्याळाकडं बघत. पाच वाजायला दहा मिनिटं.

"संपलं का, अप्पा?" तिनं विचारलं. "आता कुठं जायचं?"

माझ्याकडं चौथं घर नव्हतं. मी सवयीनं रस्त्यातल्या व्हॉल्वच्या झाकणावर बसलो आणि बसल्याबसल्या अंगावर काटा आला.

जमिलाबीच्या हौदातून काल पाणी रस्त्यावर वाहिलं. लई दाबानं आलं होतं. आयुबभाईंचं घर या व्हॉल्वपासून सहावं, आणि चढावर. कमलबाईंचं पहिलं, उतारावर. सहाव्या घराचा हौद ओसंडतो त्या दिवशी पहिल्या घराला थेंब येत नाही, असं बत्तीस वर्षांत कधी झालं नाही. होऊच शकत नाही.

मी उठून कमलबाईंच्या भिंतीशी वाकलो. नळाच्या मीटरशेजारी घराचं पाणी बंद करायचा कॉक असतो. हातानं चाचपला. तो गच्च बंद होता.

५

"कुठं चाललाव पुन्हा?" सोनालीनं विचारलं.

"तू पण ये. या वेळी तू यायचंच."

कृष्णराज अजून त्याच खुर्चीत होता. आम्हा दोघांना बघून तो उभा राहिला, पण गाडीपासून हलला नाही. कमलबाई सोनालीला बघून काही बोलणार, तेवढ्यात मी हात केला.

"कमलबाई, काल पाणी आलं होतं. आयुबभाईंचा हौद भरून वाहिला. तुमचा कॉक कुणीतरी बंद केलाय. घरात कोण होतं काल?"

"कृष्णा," त्या म्हणाल्या. आणि मग हळू, "कृष्णा?"

"गंज लागून बसला असंल कॉक," कृष्णराज म्हणाला.

"गंजला असता तर आठ दिवसांमागं पाणी कसं भरलंत? गाव आठ दिवस ज्या पाण्याची वाट बघतं ते कुणी स्वतःच्या हातानं बंद करत न्हाय, कृष्णराज. हौदात पाणी नको होतं तुम्हाला. का नको होतं?"

त्यानं गाडीच्या दाराला पाठ लावली.

"पाळी आली की आदल्या दिवशी न्हायतर त्याच सकाळी हौद धुतात. काल सकाळी तुम्ही झाकण उघडून हौद धूत होतात. घरी दुसरं कुणी न्हाय. तेव्हा फाटकातनं कोण आत आलं?"

"अप्पा, तुम्ही जा इथनं."

"गाडी बाजूला घ्या."

"बंद हाय म्हटलं ना!"

सोनाली पुढं झाली. तिनं त्याला हात जोडले. एकवीस वर्षांत त्या अंगणात पाऊल न टाकलेली बाई. "कृष्णा, काय झालं असंल ते असू दे. म्या कुणाला सांगणार न्हाय. तो जिता हाय का तेवढं सांग. त्याला सुई देऊ दे मला."

कृष्णराजनं गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. तेव्हा कमलबाई त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तळहात पसरला.

"चावी दे."

"आई..."

"चावी दे, कृष्णा."

त्यानं खिशातून चावी काढून दिली. ती सोनालीच्या हातात गेली, आणि ती बंद पडलेली गाडी पहिल्याच फेऱ्याला सुरू झाली. सोनालीनं ती मागं घेताना दोन पिंपं आडवी झाली, टँकरचं पाणी अंगणभर पसरलं. मी लोखंडी झाकणाची कडी धरून ओढली. आत काळोख, आणि खालून एक कोंदट, गोडसर वास वर आला, उतरलेल्या फळांसारखा.

"हा वास त्याचाच हाय," सोनाली म्हणाली. "साखर वाढली की त्याच्या श्वासाला असा वास येतो. अप्पा, श्वास हाय!"

त्रेसष्टाव्या वर्षी मी लोखंडी कड्यांवरून आत उतरलो. तळाला धुण्याचं चार बोटं पाणी राहिलं होतं. रणधीर भिंतीला पाठ लावून पडलेला, पाय गुडघ्याखाली वाकडा, डोक्यात रक्त सुकलेलं, श्वास भराभर चाललेला. मी नाव घेतलं. डोळे उघडले नाहीत, पण ओठ हलले. आजूबाजूचं पाणी गढूळ झालं होतं आणि त्याची ओंजळ ओली होती. तेच घाण पाणी पिऊन तो इतका वेळ टिकला होता.

सोनालीनं वरूनच इन्शुलिनच्या पिशवीतली सुई माझ्याकडं खाली दिली. पिशवी ती दिवसभर खांद्याला लावून हिंडत होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. सुई कुठं टोचायची ते मला कळेना, तशी ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही बाजूला व्हा," आणि स्वतःच उतरली.

६

सरकारी दवाखान्यात डॉक्टर पहाटेपर्यंत काहीच सांगेनात. कृष्णराजनं पोलिसांपुढं सगळं सांगितलं, बाकावर बसूनच, कुणी न मारता, न ओरडता.

पाटल्या त्यानंच घेतल्या होत्या. सतरा वर्षांचा होता, मोटारसायकल हवी होती. रणधीरनं बघितलं होतं आणि मित्र म्हणून तोंड बंद ठेवलं होतं. स्वतःची आई रस्त्यावर आली तरी. येळवसेच्या सकाळी रणधीर फाटकातून आला आणि म्हणाला, "माझी आई गेली, कृष्णा. आता तरी तुझ्या आईला सांग. तू सांग, मी उभा राहतो शेजारी." कृष्णराजनं त्याला ढकललं. मागं हौद उघडा होता.

"मेला असं वाटलं मला," तो म्हणाला. "झाकण लावलं. वर गाडी आणली. त्याची गाडी किल्लीसकट रस्त्यावर होती, ती बिभीषणरावांच्या फाटकाशी लावून आलो."

"अन् पाणी का बंद केलंत?" फौजदारांनी विचारलं. "येऊ दिलं असतं तर कुणाला कळलंच नसतं."

कृष्णराज म्हणाला, "ते पाणी आई पिणार होती."

या एका गोष्टीवरून मी त्याला धरलं आणि या एकाच गोष्टीमुळं रणधीर बुडाला नाही. त्याचं कौतुक करायचं की थुंकायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"मेला वाटला म्हणता," फौजदार म्हणाले. "नंतर कळलं न्हाय का जिता हाय ते? येळवसेच्या रात्री घरातच होता तुम्ही."

"न्हाय कळलं. आवाजच न्हाय आला."

फौजदार लिहायला लागले. मारायचा हेतू नव्हता, जिवंत असल्याची कल्पना नव्हती. असं लिहिलं की गुन्हा निम्मा होतो, एवढं मलाही समजतं. सोनाली अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभी होती. तिनं ते ऐकलं.

सात वाजता नर्स बाहेर आली. रणधीर शुद्धीवर आला होता. पाय वाचेल का ते सांगता येत नव्हतं, माणूस वाचला होता. सोनाली भिंतीवरून घसरत खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

तेव्हा कोपऱ्यातल्या बाकावरून कमलबाई उठल्या. रात्रभर त्या तिथं होत्या, कुणी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मीही नाही. त्या फौजदारांच्या टेबलापाशी आल्या.

"माझा जबाब घ्या."

"तुम्ही आई आहात, बाई. तुमच्यावर सक्ती न्हाय. घरी जाऊन विचार करा."

"काल पहाटे मी पूजेला उठले. पोर्चमधनं आवाज येत होता. खालनं कुणीतरी ठोकतंय असा. मी कृष्णाला उठवलं. तो आधीच जागा होता, दाराशी उभा होता. म्हणाला, मांजर हाय आई, झोप तू." त्यांनी कृष्णराजकडं बोट केलं. "त्याला कळलं होतं. तो दाराशी उभं राहून ऐकत होता."

कृष्णराज म्हणाला, "आई, नको."

बाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग सोनालीकडं.

"सितानं चोरी केली हे मी डोळ्यानं बघितलं नव्हतं. तरी गल्लीत उभं राहून सांगितलं, अन् सगळ्यांनी मानलं. हे मी माझ्या कानानं ऐकलंय." त्यांनी टेबलावरचा कागद फौजदारांकडं सरकवला. "लिहा."

फौजदारांनी लिहिलं. बाईंनी खाली सही केली, पूर्ण नावानं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. मग त्यांना उभं राहवेना, आणि धरायला जवळ दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी हात दिला.